आक्रमक आरमार समुद्रातच का मोडतं (स्पॅनिश आरमार, १५८८)

दुसऱ्याच्या किनाऱ्यावर फौज उतरवायला निघालेल्या जहाजांच्या ताफ्याला आक्रमक आरमार म्हणतात. त्यात लढाऊ जहाजं असतातच, पण त्यांच्याबरोबर सैनिक, घोडे, खेचरं, वेढ्याच्या तोफा, धान्य, पिण्याचं पाणी असं सगळं सामान चाललेलं असतं. असे ताफे बऱ्याचदा दिसायला अवाढव्य होते आणि तरी एकही पलटण किनाऱ्यावर न उतरवता परत फिरले किंवा बुडाले. यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण म्हणजे स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५८८ मध्ये इंग्लंडवर पाठवलेलं आरमार. ते "वादळात बुडालं" असं एका ओळीत सांगून लोक मोकळे होतात आणि तेच खटकतं, कारण खरं वादळ आलं तेव्हा मोहीम आधीच फसलेली होती.

मुळात अडचण अशी की चढाई करणाऱ्याला ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी पोचावंच लागतं, आणि जमिनीवर जी फौज त्याची ताकद असते ती समुद्रात नुसतं ओझं होऊन बसते, ती खाते, पिते, आजारी पडते आणि जहाज जड करते. बचाव करणाऱ्याला समोरचा ताफा बुडवायची गरजच नसते. त्या ठरलेल्या जागी त्याला थांबू दिलं नाही की झालं.

फिलिपचा प्लॅन कागदावर जबरदस्त होता. स्पेनविरुद्ध उठलेल्या डच बंडखोरांना इंग्लंडची एलिझाबेथ राणी मदत करत होती, ड्रेकसारखे इंग्लिश दर्यावर्दी स्पॅनिश वसाहती लुटत होते, त्यात १५८७ मध्ये इंग्लंडच्या कैदेत असलेल्या कॅथलिक मेरीचा (स्कॉटलंडची माजी राणी) शिरच्छेद झाला, तेव्हा हे प्रकरण एकदाच मिटवायचं असं त्याने ठरवलं. लिस्बनहून सुमारे १३० जहाजं निघणार, त्यात जवळपास ३०,००० माणसं (पैकी १९,००० च्या आसपास सैनिक), इंग्लिश खाडीतून वर जाणार, आणि तिकडे फ्लँडर्समध्ये असलेली पार्माच्या ड्यूकची (फिलिपचा तिथला सेनापती) कसलेली फौज सपाट बुडाच्या होड्यांतून या आरमाराच्या आडोशाने इंग्लंडला पोचणार. १५८० पासून पोर्तुगालची गादीही फिलिपकडेच होती, म्हणजे आपले गोवा, चौल, वसईसुद्धा तेव्हा याच राजाच्या नावाखाली होते, आणि आरमाराचं मुख्य जहाज सान मार्तिन हे मूळचं पोर्तुगीज गॅलिअनच (मोठं लढाऊ शिडाचं जहाज) होतं.

आता या प्लॅनमध्ये एक भोक होतं आणि ते शेवटपर्यंत कोणी बुजवलं नाही. दोन फौजा भेटणार कुठे? पार्माच्या हातात मोठी जहाजं आत घेता येतील असं एकही खोल बंदर नव्हतं, व्लिसिंगेनसारखं चांगलं बंदर डचांकडे होतं. डंकर्कच्या आसपासचा किनारा उथळ, वाळूच्या पट्ट्यांनी भरलेला, तिथे स्पॅनिश गॅलिअन जवळ येऊच शकत नव्हतं, आणि युस्टिनुस व्हान नासाऊच्या हाताखालच्या डचांच्या हलक्या, कमी पाण्यात चालणाऱ्या बोटी मात्र तिथे बिनधास्त फिरत होत्या. पार्माच्या होड्या बाहेर पडल्या असत्या तर मोठ्या जहाजांपर्यंत पोचायच्या आधीच डचांनी त्या फोडल्या असत्या. छोट्या बोटींची ही ताकद कोकणातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांची मोठी जहाजं पहारा देत असताना मराठ्यांच्या लहान होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या आणि शेवटी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली.

आरमाराची वाट लागायला सुरुवात मात्र निघण्याच्या आधीच झाली होती. एप्रिल १५८७ मध्ये ड्रेकने कादिझ बंदरात घुसून वीस-पंचवीसच्या वर जहाजं जाळली किंवा पळवली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण त्यानंतर त्याने पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जे केलं ते माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. तिथे पिंपं बनवायच्या फळ्या घेऊन जाणारी जहाजं त्याने पकडली आणि त्या नीट वाळलेल्या फळ्यांची होळी केली. मग आरमारासाठी घाईघाईत ओल्या लाकडाची पिंपं बनवली गेली, ती गळायला लागली, पाणी सडलं, बिस्किटं आणि खारवलेलं मांस खराब झालं. मे १५८८ च्या शेवटी लिस्बन सोडलेलं आरमार जूनमध्येच ला कोरुन्याला थांबलं, वादळाने जहाजं पांगली होती आणि माणसं आजारी पडली होती. त्यात अनुभवी दर्यासारंग सांता क्रूझचा मार्क्विस फेब्रुवारीतच वारलेला, आणि त्याच्या जागी नेमलेल्या मेदिना सिदोनियाच्या ड्यूकने राजाला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं होतं की आपल्याला समुद्राचा अनुभव नाही, बोट लागते. त्याला नंतर खूप शिव्या पडल्या पण माणूस प्रामाणिक होता, आणि ताफा एकत्र ठेवायचं काम त्याने चांगलंच केलं.

जुलैच्या शेवटी ताफा इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ दिसला (तारखा इथे स्पॅनिश कॅलेंडरच्या आहेत, इंग्लंड तेव्हा जुनंच कॅलेंडर वापरायचं, दहा दिवस मागे). प्लिमथपासून पुढचा आठवडाभर लॉर्ड हॉवर्ड, ड्रेक, हॉकिन्स, फ्रॉबिशर या इंग्लिश सेनानींची जहाजं मागे लागली होती पण चंद्रकोरीसारखी ती स्पॅनिश रचना त्यांना तोडता आली नाही. दोनच मोठी जहाजं गेली आणि तीसुद्धा मुख्यतः अपघाताने, रोसारिओ टक्कर होऊन मागे पडलं आणि सान साल्वादोरवर दारूचा स्फोट झाला. म्हणजे इथपर्यंत आरमार जिंकत नव्हतं तरी हरतही नव्हतं.

हे असं का झालं ते तोफांवरून कळतं. स्पॅनिश पद्धत अशी की जवळ जायचं, एकदा तोफा डागायच्या आणि दोर टाकून समोरच्या जहाजावर सैनिक उतरवायचे, तिथे त्यांना हरवणं कठीण होतं. इंग्लिश जहाजं हॉकिन्सच्या देखरेखीखाली लांबट, बुटकी आणि चपळ बनवलेली होती, ती जवळ येतच नव्हती. त्यांच्या तोफा चार लहान चाकांच्या आटोपशीर गाड्यांवर, मागे ओढून पटकन परत भरता येणाऱ्या. स्पॅनिश तोफांच्या बऱ्याच गाड्या मोठ्या चाकांच्या, अरुंद डेकवर अडणाऱ्या, आणि तोफ भरणारे सैनिक एकदा डागून झालं की चढाईसाठी आपापल्या जागी जाऊन उभे राहायचे. आयर्लंडच्या किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजांच्या अवशेषांत अशी गाडी आणि न वापरलेले गोळे सापडलेत. उलट इंग्लिशांचा दारूगोळा संपत आला होता, पण लांबून मारलेल्या गोळ्यांनी जाड लाकडाला फारसं काही होत नव्हतं.

६ ऑगस्टला आरमार कॅले या फ्रेंच बंदरासमोर नांगर टाकून उभं राहिलं, आणि माझ्या मते मोहीम हरली ती इथे. पार्माला निरोप पोचायला उशीर झाला होता, त्याचं उत्तर आलं की फौज चढवायला अजून कित्येक दिवस लागतील. एवढा मोठा ताफा उघड्या समुद्रात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला शत्रू, खालच्या बाजूला वाळूचे पट्टे आणि आसपास हक्काचं बंदर नाही. ७ तारखेच्या मध्यरात्री इंग्लिशांनी आठ जहाजं पेटवून वारा आणि भरतीबरोबर सोडली. १५८५ मध्ये अँटवर्पच्या वेढ्यात दारू भरलेल्या अशाच जहाजाने शेकडो स्पॅनिश सैनिक मारले होते, आणि ती बनवणारा इटालियन इंजिनिअर आता इंग्लंडमध्येच आहे हे स्पॅनिशांना माहीत होतं, त्यामुळे घबराट झाली. जळत्या जहाजांनी प्रत्यक्षात एकही स्पॅनिश जहाज जाळलं नाही. पण बहुतेक कप्तानांनी नांगराचे दोरखंड कापून पळ काढला, आणि आठवडाभर न तुटलेली ती रचना एका रात्रीत विस्कटली.

दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, ग्रॅव्हलिनजवळ इंग्लिश जहाजं प्रथमच खूप जवळ आली आणि त्या अंतरावरून गोळे आरपार जायला लागले. बुडालेली किंवा रेतीवर चढलेली जहाजं बोटावर मोजण्याइतकीच, पण खिळखिळी झालेली खूप. मग वाऱ्याने ताफा डच किनाऱ्यावरच्या झीलंडच्या वाळूवर जवळजवळ नेऊन घातलाच होता, ऐन वेळी वारा फिरला म्हणून तो वाचला, पण आता उत्तर समुद्रात वर जाण्याशिवाय रस्ता नव्हता. पार्मा मागे राहिला, भेट कायमची हुकली, आणि स्कॉटलंड-आयर्लंडला वळसा घालून घरी जायचं ठरलं. पाणी वाचवायला घोडे आणि खेचरं समुद्रात ढकलून दिली गेली.

सप्टेंबरची ती प्रसिद्ध वादळं यानंतरची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वीसच्या वर जहाजं फुटली, आणि त्याचं एक मोठं कारण कॅलेला सोडून दिलेले नांगर होतं, वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना जहाज धरून ठेवायला चांगला नांगरच उरला नव्हता. स्लायगोजवळ स्ट्रीडाच्या किनाऱ्यावर एकाच दिवशी तीन जहाजं गेली. ऑक्टोबरच्या शेवटी आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अँट्रिमच्या खडकांवर हिरोना हे जहाज फुटलं, त्यावर दुसऱ्या फुटलेल्या जहाजांवरून वाचलेली माणसंही होती. किनाऱ्याला लागलेल्यांपैकी अनेकांना इंग्लिश शिपायांनी मारून टाकलं. एकूण ताफ्यातला तिसरा हिस्सा तरी परतला नाही. इंग्लिशांनी मात्र जळती जहाजं सोडली तर एकही जहाज गमावलं नाही, पण लढाईनंतर बंदरात पगाराविना अडकलेले त्यांचे हजारो खलाशी साथीच्या तापाने मेले.

जपानवरच्या १२८१ च्या मंगोल स्वारीतही नेमकं असंच दिसतं. तिथेही दोन ताफे, एक कोरियातून, एक दक्षिण चीनमधून, इकी बेटाजवळ भेटायचं ठरलेलं, आणि दक्षिणेचा ताफा उशिरा निघाला. जपान्यांनी १२७४ च्या पहिल्या स्वारीनंतर हाकाताच्या उपसागरावर दगडी भिंत बांधून ठेवली होती, त्यामुळे उतरायला नीट जागा मिळेना, रात्री छोट्या बोटींतून सामुराई हल्ले करत राहिले, आणि ताफा ऑगस्टपर्यंत पाण्यातच राहिला. टायफूनने तो फोडला हे खरंच, पण टायफूनच्या मोसमापर्यंत त्याला समुद्रात थांबवून ठेवलं ते माणसांनी.

जिंकल्यावर इंग्लंडनेही तीच चूक केली हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. १५८९ मध्ये ड्रेक आणि नॉरिस मोठा ताफा घेऊन स्पेन-पोर्तुगालवर गेले, ला कोरुन्याला वेळ घालवला, लिस्बनला पोर्तुगीज लोक उठाव करतील या भरवशावर गेले, तो उठाव झालाच नाही, आणि हजारो माणसं रोगाने गमावून हात हलवत परत आले. फिलिपने १५९६ आणि १५९७ मध्ये पुन्हा आरमारं पाठवली, दोन्ही वर्षाच्या उत्तरार्धात उशिरा निघाली आणि इंग्लंडला पोचायच्या आतच वादळाने पांगली. १५९८ मध्ये फिलिप गेला, १६०३ मध्ये एलिझाबेथ, आणि दोन्ही देशांचं युद्ध १६०४ मध्ये लंडनच्या तहाने संपलं.