खाडीच्या गाळातला पारा तपासायचाय? अर्ज कुठे आणि कसा करायचा

खाडीचं पाणी भरती-ओहोटीबरोबर येतं-जातं, गाळ मात्र तिथेच साचत राहतो. कारखान्यांच्या सांडपाण्यातला पारा, शिसं, कॅडमियम बारीक कणांना धरून तळाशी बसतं. त्यामुळे ठाणे खाडीकाठच्या मच्छीमारांनी पाण्याच्या अहवालावर समाधान मानू नये, गाळाचा अहवाल मागावा.

सुरुवात माहिती अधिकाराने करा. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. कोणताही भारतीय नागरिक पात्र. संस्थेच्या नव्हे, स्वतःच्या नावाने करा. कारण सांगावं लागत नाही. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ, पण दाखल्याची प्रत जोडा. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत.

मजकूर मोघम नको. ‘प्रदूषणाची माहिती द्यावी’ म्हटलं की पाण्याचेच तक्ते हाती पडण्याची शक्यता. त्याऐवजी लिहा: ‘2020 पासून ठाणे खाडीच्या तळाच्या गाळातील पारा, शिसे, कॅडमियम व क्रोमियमचे विश्लेषण अहवाल, नमुन्याचे ठिकाण व तारखेसह.’ 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

अहवालच नसेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जा. तिच्या मान्यतेत गाळ आणि तुम्हाला हवा तो धातू आहे ना, हे आधी पाहा. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीतला गाळ उचलायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. नमुना शक्यतो प्रयोगशाळेच्या माणसालाच घेऊ द्या. लोखंडी फावडं वापरू नका, प्लास्टिकचं साधन घ्या. डब्यावर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश लिहा आणि डबा लगेच बर्फात ठेवा. पाऱ्याची तपासणी 28 दिवसांच्या आत व्हावी.

आपल्याकडे गाळातल्या धातूंसाठी कायदेशीर मर्यादाच नाही, ही मोठी उणीव आहे. तुलनेसाठी कॅनडाचे निकष वापरतात: समुद्री गाळात पारा किलोमागे 0.13 मिलिग्रॅमच्या वर गेला तर सावध व्हायचं, 0.70 च्या वर जलचरांना इजा होण्याची शक्यता बरीच वाढते.

आकडे वाईट आले तर मंडळाकडे लेखी तक्रार करा. तरी हालचाल नसेल तर पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्यातलं खंडपीठ आहे. बाधित व्यक्ती किंवा संघटना अर्ज करू शकते. भरपाई मागायची नसेल तर शुल्क 1000 रुपये. मुदत वादाचं कारण प्रथम घडल्यापासून 6 महिने, भरपाईसाठी 5 वर्षं. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल, नमुन्याच्या जागांचा नकाशा, माहिती अधिकारातलं उत्तर आणि मंडळाच्या शिक्क्याची तक्रारीची पोच जोडा.