मळीची दारू आणि शुगरची गोळी

वाळवा, पलूस, कडेगाव हा सांगली जिल्ह्यातला उसाचा पट्टा. इथं मधुमेहाला ‘शुगर’ म्हणतात. शुगरवाल्यानं दारू का पिऊ नये, असं विचारलं की उत्तर येतं: दारू मळीची, मळीत साखर, म्हणजे शुगर वाढणार. मग पिणारा आपला हिशेब जुळवतो. दारू घ्यायची तर भाकरी टाळायची, गोळी मात्र आठवणीनं घ्यायची. हाच हिशेब जिवावर बेतू शकतो. मळीतली साखर आंबवताना खर्ची पडते आणि ऊर्ध्वपातन करून मिळालेल्या स्पिरिटमध्ये ती येत नाही. उपाशीपोटी घेतलेल्या दारूचा खरा धोका रक्तातली साखर उतरण्याचा आहे.

वैद्यकालाही हे उशिराच उमगलं. १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं. त्याच्या काही वर्षं आधी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन मधुमेह्यांना उपाशी ठेवत आणि त्या उपवासात काळ्या कॉफीबरोबर व्हिस्की देत. साखर न वाढता उष्मांक मिळतात, एवढाच त्यामागचा विचार. साखर खाली ओढणारं औषध तेव्हा हाताशीच नव्हतं.

साखर उतरवणारी गोळी आली ती अनपेक्षितपणे. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जाँबाँ टायफॉइडवर एक नवं सल्फा औषध वापरून पाहत होते. त्यानं रुग्णांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागली. ओग्युस्त लुबातिएर यांनी कारण शोधलं: हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. याच घराण्यातून टोलब्युटामाइड, क्लोरप्रोपामाइड, मग ग्लिबेनक्लामाइड आणि आज सांगली-मिरजेत सर्रास लिहून दिली जाणारी ग्लिमेपिराइड आली. पोटात अन्न नसलं तरी या गोळ्या आपलं काम करतातच. क्लोरप्रोपामाइडवर दारू घेतली की काहींचा चेहरा लालबुंद व्हायचा. ती लाली निदान डोळ्यांना दिसायची.

न दिसणारा धोका १९६० च्या दशकातल्या संशोधनानं स्पष्ट केला. आपण उपाशी असताना रक्ताला साखर पुरवतं ते यकृत. दारू पचवण्यात ते गुंतलं की नवी साखर तयार होणं मंदावतं. मग आधार उरतो फक्त आधीच्या साठ्याचा. दिवसभर ऊस तोडून रात्री न जेवलेल्या माणसाकडे तो कितीसा असणार? त्यात गोळी आणखी साखर ओढतच असते.

मेटफॉर्मिनचं निराळं आहे. जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये पुढे आणलेली ही गोळी एकटी असताना सहसा साखर फार खाली नेत नाही. पण तिच्याच कुळातल्या फेनफॉर्मिननं रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावली. अमेरिकेत १९७७ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं, भारतात बंदी आली २००३ मध्ये. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फार कमी आहे. तरी अति दारू तो वाढवते, मूत्रपिंड किंवा यकृत दुबळं असेल तर जास्तच.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती जत्रेच्या रात्रीची. साखर उतरली की घाम फुटतो, जीभ अडखळते, तोल जातो. सोबतचे म्हणतात, “चढलीय, झोपू द्या.” आणि साखर पहाटेपर्यंत उतरतच राहते. अशा बेशुद्ध माणसाला ग्लुकागॉनचं इंजेक्शनही भरवशाचं नसतं, कारण ते यकृतातला साठाच बाहेर काढतं. तो संपला असेल तर दवाखाना गाठून शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं.