लीफी लेकवरची रिकामी चौपाटी

मे महिन्याची दुपार. बाहेर पंचेचाळीसच्या घरातलं ऊन, खिडकीत कुलर घरघरतोय आणि माझी भाची जुन्या लॅपटॉपवर तळं सजवत बसलेली. गेम तिच्यापेक्षा वयानं मोठा आहे: १९९९ सालचा 'रोलरकोस्टर टायकून', ज्यात आपण पाळण्यांचं करमणूक पार्क उभारून चालवायचं असतं. ख्रिस सॉयर या प्रोग्रामरनं तो जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिला, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांच्या अगदी जवळ जाऊन. म्हणून तेव्हाच्या साध्या कॉम्प्युटरवरही शेकडो माणसं न अडखळता पार्कात फिरायची.

तिनं 'लीफी लेक' नावाची पातळी घेतली होती. मोठं तळं, त्याभोवती मोकळी जमीन, आणि अट अशी की तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर पार्कात किमान ५०० पाहुणे हवेत. पोरीनं तळ्याच्या काठाला वाळूचा रंग दिला, तिथपर्यंत रस्ता नेला, बाकडी मांडली, आइस्क्रीमचा ठेला लावला. आणि मग तोंड पाडून म्हणाली, "मामा, बीचवर कोणी येऊनच नाही राहिलं."

पार्क गजबजलेला, बीच ओसाड. सजावटीत काहीच कमी नव्हतं. चुकलं होतं ते रस्त्यात.

या गेममधल्या प्रत्येक पाहुण्याला भूक, तहान, मळमळ, दमणूक असं सगळं आहे, पण डोळे जवळपास नाहीत. एखादं ठिकाण मनात धरून निघाला तर तो वाट शोधतो, तीही पुढच्या थोड्याच फाट्यांपर्यंत. हातात पार्कचा नकाशा असला तर जरा लांबवर. एरवी तो नुसता भटकतो. फाटा आला की मनातल्या मनात नाणं उडवतो आणि निघतो. असल्या भटकण्याला गणितात 'रँडम वॉक' म्हणतात. हे नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०५ मध्ये वापरलं. गेममधली माणसं पिअर्सनच्या भटक्यापेक्षा किंचित शहाणी, कारण पुढे वाट असेल तर ती आल्या पावली परत फिरत नाहीत.

आता हिशोब सोपा आहे. फाटकापासून भाचीच्या बीचपर्यंत चार तिठे होते. प्रत्येक तिठ्यावर मागची वाट सोडली तर दोन उरतात, त्यातली एकच बीचकडची. म्हणजे चारही ठिकाणी बरोबर वळण्याची शक्यता अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं: सोळात एक. ५०० लोकांतले पहिल्या फेरीत जेमतेम ३१ पोचणार. तिठ्यांच्या जागी चौक असते तर तीनातली एक वाट, आणि ८१ मध्ये एक! सहा माणसांवर आइस्क्रीमवाल्यानं काय कमवावं? त्यात बीच म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. तिथं पोचलेला माणूस पुढे वाट नाही म्हणून वळून परत जातो.

उपाय देवळातला आहे, प्रदक्षिणा. फाटकापासून सरळ एकच रस्ता तळ्याकडे न्यायचा, तळ्याभोवती कडं करायचं आणि बीच त्या कड्यावर बसवायचा, मध्ये फाटे न ठेवता. पाहुणा डावीकडून निघो की उजवीकडून, बीचवरून गेल्याशिवाय त्याची सुटका नाही. नाणं कसंही पडू दे. भाचीनं राइड्सकडचे दोन जोडरस्ते उखडले, कडं पूर्ण केलं आणि थोड्याच वेळात बाकडी भरली.

आपल्या नागपुरातल्या फुटाळा तलावाची चौपाटी अशीच चालते, असं मला वाटतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांबच्या गावाला चौपाटी असावी हा विनोदच, पण रस्ता पाण्याला लागून जातो, म्हणून मुद्दाम न निघालेलाही थांबतो. शिवाय खऱ्या माणसाला डोळे आहेत. पाणी दिसलं की तो तिकडेच ओढला जातो, मध्ये कुंपण असलं तरी फट शोधतो. त्याला वाट दाखवायची गरज कमीच.

आपल्याकडे भरकटतो तो किनारा. गेममध्ये माणसं भरकटलेली आणि पाणी जागच्या जागी. नागपुरात नेमकं उलट. गेममधलं वर्ष मार्च ते ऑक्टोबर असं आठच महिन्यांचं असतं. आपल्याकडे याच आठ महिन्यांत तळं आटतं आणि भरतं. बीच हवा तर उतार सौम्य हवा, समजा वीस मीटरला एक मीटर. उन्हाळ्यात पाणी दोन मीटर खाली गेलं की काठ सरळ चाळीस मीटर मागे सरकतो. ठेला, बाकडी, छत्र्या एकीकडे आणि पाणी दुसरीकडे! मधल्या पट्ट्यात चिखल. धरणाकाठचे शेतकरी अशा उघड्या पडलेल्या जमिनीत पीक घेतात, तिला गाळपेर म्हणतात. पण गाळपेरीवर टॉवेल टाकून कोण पडणार?

वाळू आणून टाकली तर? टाका, पण तिच्यावर गाळ बसणारच. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण पाण्यात मीटरभर खाली जायला एक मिनिटही घेत नाही. काळ्या मातीतला ०.००२ मिलिमीटरचा चिकणकण तेवढंच अंतर जायला तीन दिवसांहून जास्त घेतो, कारण इतक्या बारीक कणांचा बुडण्याचा वेग आकाराच्या वर्गाप्रमाणे घटतो: कण दहापट लहान, तर वेग शंभरपट कमी. पावसाळ्यात गढूळलेलं पाणी हळूहळू निवळतं आणि तो सगळा चिकण तळाशी, वाळूवरही, साय धरावी तसा बसतो. समुद्रकाठी लाटा वाळू सतत धूत असतात. लाट मोठी व्हायला वाऱ्याला पाण्यावरून लांब धाव लागते, आणि शहरातल्या तळ्यावर ती मिळते किती? नुसत्या लहरी उठतात. त्यांच्यानं गाळ धुवून निघत नाही.

आपल्या जुन्या लोकांनी तळ्याला वाळू घातली नाही, घाट बांधले, ते यामुळे पटतं. दोन मीटरला एक मीटर उतरणाऱ्या पायऱ्यांवर पाणी दोन मीटर खाली गेलं तरी काठ चारच मीटर सरकतो आणि पायाखाली दगड राहतो. कोणत्याही महिन्यात जा, कुठली तरी पायरी पाण्याला टेकलेली असतेच.

पाणी चढतं तेव्हाची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसानं नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते नागपूरकराला सांगायला नको.

हे सगळं मी भाचीला सांगत असतानाच तिच्या पार्कावर ढग आले. गेममधला पाहुणा एरवी कंजूस, पण पावसात छत्रीला म्हणाल तो भाव देतो. तिनं माहिती केंद्रातल्या छत्रीची किंमत भराभर वाढवली. बीचवर रंगीबेरंगी छत्र्या उघडल्या, गल्ला वाजू लागला. धो धो पाऊस पडला, आणि तळ्याचं पाणी रेघभरही वर आलं नाही.