मोबाईलमधले गेलेले फोटो बॅकअपमधून परत मिळवणं

चुकून डिलीट झालेले, फोन हरवल्यामुळे, चोरीला गेल्यामुळे, बंद पडल्यामुळे किंवा रिसेट मारल्यामुळे गेलेले फोटो आधीच दुसरीकडे साठवलेल्या कॉपीवरून परत घेणं म्हणजे बॅकअपमधून रिकव्हरी. यात महत्त्वाचं आहे ते "आधीच". फोटो गेल्यावर काय करायचं हे सगळे विचारतात, पण फोटो परत मिळतील का हे ते जायच्या आधी कुठली सेटिंग चालू होती यावर जवळजवळ पूर्ण ठरलेलं असतं, नंतर हातात राहतं ते फक्त ती कॉपी शोधणं आणि मुदतीच्या आत तिथे पोचणं.

बॅकअप नसताना थेट फोनच्या मेमरीतून फोटो खणून काढता येतात असा समज अजून खूप आहे, आणि जुन्या फोनमध्ये ते काही प्रमाणात व्हायचंसुद्धा. आता नाही. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये फाईल एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करून ठेवणं, सक्तीचं आहे, आयफोनमध्ये तर ते त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे, आणि फोन रिसेट केला की ते कुलूप उघडणारी डिजिटल किल्ली पुसली जाते त्यामुळे चिपवर डेटा उरला तरी तो वाचता येत नाही. प्ले स्टोअरवरची "डिलीटेड फोटो रिकव्हर करा" वाली ॲप्स बऱ्याचदा फोनमध्ये इकडेतिकडे उरलेले छोटे थंबनेल दाखवतात आणि खरा फोटो हवा असेल तर पैसे भरा म्हणतात. त्यांना पैसे देऊ नका आणि गॅलरीची परमिशन तर अजिबात देऊ नका. अपवाद एकच, वेगळं मेमरी कार्ड. कार्ड एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर डिलीट केलेला फोटो त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून असतो, म्हणून कार्ड लगेच काढायचं, त्यावर नवीन काही सेव्ह करायचं नाही आणि कॉम्प्युटरला लावून फोटोरेक सारखं सॉफ्टवेअर चालवायचं. ते फुकट आहे आणि फाईलच्या नावावर न जाता फोटोच्या डेटाची सुरुवात ओळखून फाईल परत जुळवतं.

आपल्याकडे बहुतेकांचे फोन अँड्रॉइडचे, त्यामुळे शोधायची पहिली जागा गूगल फोटोज. मे २०१५ मध्ये हे सुरू झालं तेव्हा थोडी क्वालिटी कमी करून कितीही फोटो फुकट ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि नंतरचे फोटो जीमेल, ड्राईव्ह आणि फोटोज मिळून असलेल्या १५ जीबीत धरले जाऊ लागले. इथेच सगळ्यात जास्त लोकांचं नुकसान होतं, कारण १५ जीबी भरलं की बॅकअप थांबतो, वर येणारी सूचना आपण रोज बाजूला सारतो, फोटो गॅलरीत दिसत राहतात आणि फोन गेल्यावर कळतं की बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीच थांबला होता. दुसरी गोष्ट फोल्डरची. सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचे फोटो वर जातात, व्हॉट्सॲप इमेजेस, स्क्रीनशॉट, डाऊनलोड हे फोल्डर आपण वेगळे चालू करावे लागतात. लॉक्ड फोल्डरमध्ये, म्हणजे खाजगी फोटो लपवायच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये, टाकलेले फोटो तर त्याचा बॅकअप मुद्दाम चालू केला नसेल तर फोनबरोबरच जातात.

डिलीट झालेला फोटो लगेच पुसला जात नाही, ट्रॅश किंवा बिनमध्ये जातो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस तिथे राहतो आणि रिस्टोअर दाबलं की पहिल्या जागी, अल्बमसकट परत येतो. त्यानंतर मात्र गेलाच. "फ्री अप स्पेस" हे बटण फक्त फोनमधली कॉपी काढतं, क्लाउडमधली, म्हणजे इंटरनेटवर साठवलेली, ठेवतं. डिलीट मात्र दोन्हीकडचं उडवतं, आणि फोनमध्ये जागा करायची म्हणून गूगल फोटोजमध्ये बसून पाचशे फोटो डिलीट करणारी माणसं नेमकी इथे फसतात.

फोटो तिथे दिसतच नसतील तर घाबरायच्या आधी अकाउंट तपासा. मोबाईलच्या दुकानात फोन घेताना दुकानदाराने घाईत एक नवीन जीमेल आयडी काढून दिलेला असतो, पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, पुढच्या फोनला आणखी एक आयडी निघतो, आणि आईबाबांचे आधीचे सगळे फोटो त्या पहिल्या आयडीत सुखरूप पडलेले असतात. जुना फोन चालू होत असेल तर प्रोफाईलवर टॅप करून आयडी बघा, नाहीतर गूगलच्या अकाउंट रिकव्हरीत तेव्हाचा मोबाईल नंबर टाकून शोधा. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं अकाउंट गूगल डिलीट करू शकतं, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नये.

आयफोनचं गणित थोडं वेगळं. ॲपलच्या क्लाउडमधलं आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोटो सगळ्या डिव्हाईसवर सारखे राहतात, म्हणजे आयपॅडवर उडवला की फोनवरूनही उडाला, रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस मिळतात. आणि हे चालू असताना रोज रात्री होणाऱ्या आयक्लाउड बॅकअपमध्ये फोटो नसतातच, हे खूप जणांना माहीत नसतं. त्यामुळे जुना बॅकअप रिस्टोअर करून फोटो येतील या आशेने फोन पूर्ण इरेज करायचा, कारण त्याशिवाय बॅकअप रिस्टोअर होत नाही, आणि मग हातात काहीच नाही, असं होतं. इरेज करायच्या आधी ब्राउझरमधून आयक्लाउड उघडा, तिथलं रिसेंटली डिलीटेड बघा, कधी कॉम्प्युटरला फोन जोडून बॅकअप घेतला होता का ते आठवा. आयक्लाउडवर फुकट जागा फक्त ५ जीबी, तीही लवकर भरते.

व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगल अकाउंटमध्ये जातो आणि २०२४ पासून तोही त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. तो परत घ्यायची संधी ॲप नव्याने इन्स्टॉल करताना मिळते, नंबर तोच आणि गूगल अकाउंट तेच लागतं, घाईत स्किप दाबलं तर ॲप काढून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करून पासवर्ड किंवा ६४ अंकी की हरवली असेल तर व्हॉट्सॲपलासुद्धा तो उघडता येत नाही. पण एक सोपा मार्ग लोक विसरतात, तो म्हणजे विचारणं. बारशाचे, साखरपुड्याचे फोटो आपण फॅमिली ग्रुपवर टाकलेले असतात, आपल्याकडून गेले तरी मामीच्या नाहीतर अमेरिकेतल्या चुलतभावाच्या फोनमध्ये ते असतातच. क्वालिटी कमी झालेली असेल आणि फोटो काढल्याची मूळ तारीखही त्यात नसेल, तरी फोटो असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल तर मूळचा जसाच्या तसा मिळतो.

फोन पाण्यात पडला किंवा डिस्प्ले गेला म्हणजे फोटो गेले असं नाही, फोटो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतात. सर्व्हिस सेंटरमध्ये बोर्ड बदलला की ते जातात, म्हणून फोटो हवे असतील तर बोर्ड बदलू न देता तोच बोर्ड एकदा चालू करून देणारा चांगला कारागीर शोधावा. घरातल्या हार्ड डिस्कवर दुसरी कॉपी ठेवणं चांगलंच, पण २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ ला चिपळूणला घरंच्या घरं पाण्यात गेली, तेव्हा एक तरी कॉपी घराबाहेर, क्लाउडवर नाहीतर दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे असावी.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे वारलेल्या माणसाच्या फोनमधले फोटो. घरचे पहिल्याच महिन्यात सिम बंद करून टाकतात आणि मग अकाउंट उघडायला लागणारा ओटीपी येणार कुठे. ते सिम निदान फोटो उतरवून होईपर्यंत रिचार्ज करून चालू ठेवा, कारण बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याच कोणाला तरी मिळतो. गूगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, त्यात अकाउंट ठरावीक काळ वापरलं गेलं नाही तर डेटा कोणाला द्यायचा ते जिवंतपणीच लिहून ठेवता येतं, १० जणांपर्यंत. ॲपलने लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे अकाउंट उघडायला आधीच माणूस नेमून ठेवायची सोय, २०२१ च्या शेवटी आणलं, त्यात नेमलेल्या माणसाला ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागतो, आणि विनंती मंजूर झाल्यापासून ३ वर्षं अकाउंट उघडं राहतं, तेवढ्यात सगळे फोटो उतरवून घ्यायचे.