पूर-पुनर्वसन नियोजनातली समतोल माहिती (सांगलीचा कृष्णाकाठ)

पूर ओसरल्यावर कुठली वस्ती हलवायची, कुठं बांध घालायचा, मदत कुणाला आणि किती द्यायची हे ठरायच्या आधी त्या निर्णयाच्या सगळ्या बाजू, आकड्यांसकट, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यापर्यंत पोचवणं म्हणजे समतोल माहिती. कोकण किनारपट्टीवर चक्रीवादळानंतर जसं हे लागतं तसंच नदीकाठालाही लागतं, आणि सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर बघितल्यामुळं इथं हा विषय घरोघरी बोलला जातो.

सांगलीत पुराचं माप म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं ते. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी बऱ्याच लोकांनी २००५ ची खूण डोक्यात धरून सामान माळ्यावर टाकलं, फ्रिज पलंगावर चढवला आणि घरातच थांबले, कारण ‘तेव्हा इथपर्यंतच आलं होतं’ एवढीच माहिती हातात होती आणि पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. पुलावरचा आकडा खरा असला तरी दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट किंवा सांगलवाडीतल्या माणसाला तो तसाच कामाचा नाही, त्याला हवं असतं की पुलावर इतके फूट झाले की माझ्या बोळात पाणी कधी येणार, आणि बाहेर पडायचा कुठला रस्ता आधी बंद होणार. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली, त्यामुळं गाव कधी रिकामं करायचं याची माहिती नियोजनात पहिल्या पानावर असायला पाहिजे असं इथं कळकळीनं सांगितलं जातं.

सगळ्यात जास्त वाद कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा, त्याच्या फुगवट्यानं, म्हणजे धरणामागं साचलेल्या पाण्यानं, सांगलीत पूर येतो का याचा. धरणाची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर, कर्नाटकला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि पात्रातली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं, अलमट्टीच्या फुगवट्याला कारण धरलं नाही, आणि हे काठावरच्या बऱ्याच पूरग्रस्तांना अजून पटलेलं नाही. आता गावसभेत एकानं नुसतं अलमट्टी म्हणायचं आणि दुसऱ्यानं नुसतं अतिक्रमण म्हणायचं, त्यातनं काय निघणार? कोयना धरणाचा विसर्ग, वारणेचं पाणी, महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यातल्या नवजाचा पाऊस, अलमट्टी आणि कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्याची रोजची पातळी हे सगळं एकाच तक्त्यात तारीखवार लावून भिंतीवर टांगलं तर माणूस स्वतः ताडून बघू शकतो, आणि ज्या आकड्यांवर तज्ज्ञांचंच एकमत नाही तिथं तसं स्पष्ट लिहायचं.

पूररेषेचंही तसंच. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटी घालून परवानगी. प्लॉट रेषेच्या आत आला की त्याचा भाव पडतो, म्हणून जमीनवाल्याला ती नकोशी असते, पण तिथं उद्या फ्लॅट घेणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे. त्यासाठी नुसता नकाशा चालत नाही, गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबरची यादी लागते.

मदतीच्या बाबतीत भाडेकरू कायम मागं पडतो. पंचनाम्याला घर मालकाच्या नावावर, सामान मात्र भाडेकरूचं भिजलेलं, आणि मालक परगावी असला तर सही कुणाची घ्यायची यावरच दिवस जातात. हळदीच्या अडत दुकानांतले हमाल, कापडपेठेतले नोकर यांना सानुग्रह अनुदानाचे निकष कुणी वाचूनही दाखवत नाही. म्हणून निकष, लाभार्थ्यांची यादी आणि नाव का वगळलं त्याचं कारण हे तिन्ही चावडीवर किंवा वॉर्ड ऑफिसच्या बाहेर हरकतीची मुदत संपायच्या आधी लागायला हवं, आणि सभा सकाळी अकराला न घेता शेतातनं बायका परत आल्यावर संध्याकाळी घ्यायला हवी, कारण पाणी ओसरल्यावर गाळ उपसायचं काम जास्त करून त्याच करतात आणि घरात कुठपर्यंत पाणी होतं, दुष्काळी भागातल्या पाहुण्यांकडं किती दिवस राहावं लागलं, जनावरं कुठं बांधली हे त्यांनाच नेमकं माहीत असतं.