युद्धस्मारक, कोकणातील

युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ, पुतळा किंवा फलक. कोकणातील लहान शहरांत आणि तालुक्याच्या गावी असे स्मारक बहुधा नगरपालिकेच्या उद्यानात, कचेरीच्या आवारात किंवा शाळेच्या भिंतीत आढळते. वीराच्या नावे दगड उभा करण्याची चाल येथे जुनी आहे. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्हेकऱ्यांसह लढाऊ नौकांच्या रांगा कोरलेल्या असून, शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी त्यांचा संबंध जोडला जातो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने गावोगावी संगमरवरी फलक बसवले. त्यांचा मजकूर एकाच साच्यातला आहे : या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली असली, तरी व्हर्सायचा तह पुढल्या वर्षी झाल्याने फलकावर १९१९ हेच साल येते. त्यावर नाव मात्र एकाचेही नसते. खाचरातल्या एका पिकावर भागत नसल्याने कोकणी माणसाने मुंबईची गिरणी धरली किंवा पलटण. त्यातल्या पलटणीत गेलेल्यांची या फलकांवर केवळ बेरीज उरली. १८९० च्या दशकात बंद केलेली महारांची भरती १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारून पुन्हा सुरू झाली आणि १९२१ मध्ये ती पलटण मोडण्यात आली, हा सारा इतिहासही त्या आकड्यात दिसत नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेला शरण जावे लागले. त्या आघाडीवरील मृतांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक झाले, पण त्यावरही भारतीय शिपायांची नावे न कोरता संख्याच दिली गेली.

याच्या नेमके उलट उदाहरण रायगड जिल्ह्यातील माणगावचे आहे. तेथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या तरुण नाईकाने १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तुकडीतले बाकी सारे ठार वा जखमी झाले असताना, एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर धाव घेतली. हातबॉम्बने ती गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला उसंत नसल्याने बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

स्वातंत्र्योत्तर स्मारकांवर नाव, हुद्दा, पलटण आणि वीरमरणाची तारीख कोरण्याची पद्धत आहे. २६ जुलैच्या कारगिल विजय दिनी आणि १६ डिसेंबरच्या विजय दिनी तेथे पुष्पचक्र वाहिले जाते. एरवी त्याचा चौथरा संध्याकाळी बसायचा कट्टा असतो, आणि त्यात अनादर आहे असे कोणी मानत नाही. चौथरा जांभ्याचा असेल तर पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते, अक्षरांतला काळा रंग झरतो आणि हाताने चाचपून नाव वाचावे लागते.