संत फक्त पोपच घोषित करतात का?

संत ठरवायचा हक्क पहिल्यापासून पोपकडेच, तोही सगळ्या ख्रिश्चनांसाठी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं पण ते चुकीचं आहे. आधी लोकच हुतात्म्यांच्या कबरीपाशी जमायचे आणि तिथले बिशप मान्यता द्यायचे, बस. पोपने रीतसर घोषित केल्याची पहिली पक्की नोंद ९९३ ची, जर्मनीतल्या ऑग्सबर्गचे बिशप उलरिक यांची, आणि हा अधिकार फक्त पोपचा हे चर्चच्या कायद्यात आलं थेट १२३४ ला! तेही कॅथलिकांपुरतंच. ऑर्थोडॉक्समध्ये, म्हणजे पोपचा अधिकार न मानणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिश्चन चर्चमध्ये, बिशपांची सभा ठरवते, शेवटचा झार निकोलस आणि त्याच्या कुटुंबाला २००० मध्ये रशियन चर्चनेच संत केलं. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया कॅथलिक, म्हणून त्यांना १८६२ ला पोप नववे पायस यांनी घोषित केलं.